"वर्ष वाया गेलं तर?"

"मॅडम, एक अख्खं वर्ष वाया जाणार नाही ना?" पदवीचं एक वर्ष परक्या देशातल्या विद्यापीठात काढणाऱ्या मुलांचे आईवडील हे मला, एका समुपदेशकाला, इतक्यांदा विचारतात, की 'इयर अब्रॉड' असं ऐकलं की पुढचं वाक्य काय येणार ते मला कळतं. मुलं तेच दुसऱ्या टोकाने विचारतात. "बाकीचे सगळे मजेत आहेत, मलाच का जमत नाही?" एका मुलीची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

घर मूळचं नाशिककडचं, आता लंडनजवळ. मुलगी तिकडेच वाढलेली. विषय युरोपचं राजकारण आणि समाज, जोडीला फ्रेंच. चार वर्षांची पदवी, त्यातलं तिसरं वर्ष बाहेर. २०२२च्या सप्टेंबरात ती फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला गेली. युरोपीय संसद तिथे, मानवी हक्क न्यायालय तिथे. या विषयाच्या विद्यार्थ्याची पंढरीच म्हणायची. आणि नोव्हेंबरात वडिलांचा फोन आला.

त्यांची यादी मोठी होती. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, आता युरोप शिकून करायचं काय? पूर्वी युरोपीय संघाच्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून मुलं सहज जायची, आता व्हिसाची दगदग. भाड्याची खोली मिळेपर्यंत नाकी नऊ आले. सगळं सांगून झाल्यावर शेवटी, आवाज खाली आणून, "आणि रोज रात्री फोनवर रडते हो."

करिअरच्या प्रश्नावर मी एवढंच म्हटलं, की ज्या देशाला शेजाऱ्यांपासून वेगळं व्हायला मतदानानंतर साडेतीन वर्षं लागली, त्याला शेजारी समजणारी माणसं नको असतील कशी? पैशांचंही विचारलं. इंग्लंडमध्ये परदेशातल्या वर्षाची फी नेहमीच्या फीच्या १५ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. म्हणजे तेव्हाच्या ९,२५० पौंडांऐवजी जास्तीत जास्त १,३८५. हे त्यांना पाठ होतं. तरी 'वाया' हा शब्द सुटत नव्हता. मग खोट पैशांत नव्हती.

मुलीशी व्हिडिओवर बोलणं सुरू झालं.

"काकू, मी वर्गात तोंडच उघडत नाही. दुकानात फ्रेंच बोलले तर समोरचा इंग्रजीत उत्तर देतो."

"मग?"

"मग मी बावळट दिसते."

"दिसलीस. पुढे?"

बराच वेळ गेला. "पुढे काही नाही. पण इतकी वर्षं फ्रेंच शिकून हे? मला आत्तापर्यंत यायलाच हवं होतं. आणि हे वर्ष माझं बेस्ट वर्ष असायला हवं होतं. सगळे तसंच म्हणतात."

मला हवं होतं ते हेच. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेतली, मराठी माणसांना कि. मो. फडके यांच्यामुळे ती ओळखीची आहे. आपण इच्छेची अट करतो तिथे त्रास सुरू होतो, असं ती मानते. वर्ष छान जावं ही इच्छा निरोगी आहे. त्या इच्छेची अट झाली, की साधा एकटेपणासुद्धा नापास झाल्याचा पुरावा वाटायला लागतो. नव्या गावात पहिले काही महिने एकटं वाटणारच. त्या एकटेपणाची लाज वाटते, आणि माणूस खोलीत कोंडून घेतो ते त्या लाजेपायी. माझ्याकडे येण्याआधी या मुलीला बऱ्याच जणांनी 'पॉझिटिव्ह राहा' सांगितलं होतं. म्हणजे अटीत आणखी एका अटीची भर.

जानेवारीत वडिलांनी गुणपत्रिकेचा फोटो पाठवला. २० पैकी १२! खाली तीन प्रश्नचिन्हं. फ्रान्समध्ये १०ला पास, १२ म्हणजे बरं, १४ म्हणजे चांगलं, आणि १६ मिळाले तर मुलं घरी फोन करून सांगतात. आपण मात्र १२ला पाचाने गुणून साठ टक्के काढतो आणि सुतकी चेहरा करतो. गुण कसे बदलून धरायचे याचा तक्ता मूळ विद्यापीठाकडे असतो. तो मागवा आणि मगच बोला, असं मी या वडिलांना सांगितलं, इतरांनाही सांगते.

मग मार्च आला. निवृत्तीचं वय ६२वरून ६४ करणारा कायदा फ्रान्सच्या सरकारने १६ मार्च २०२३ला राज्यघटनेचं कलम ४९.३ वापरून, खालच्या सभागृहात मतदान न घेताच पुढे रेटला. संप, मोर्चे, तासिका रद्द. वडील म्हणाले, "आता तर कॉलेजही बंद. सांगत होतो की नाही?"

मुलीला मी विचारलं, "तू शिकायला काय गेली आहेस?"

"युरोपचं राजकारण."

"आणि खिडकीखालून काय चाललंय?"

ती हसली, पण म्हणाली, "त्याला मार्क नाहीत ना, काकू."

तेव्हा मी तिला गृहपाठ दिला. रोज एका माणसाला फ्रेंचमध्ये एक प्रश्न, आणि तोही चूक हमखास होईल असा. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. न्यूयॉर्कमधल्या एका बागेत त्यांनी ठरवून शंभर अनोळखी बायकांशी बोलणं काढलं. एकच भेटायला तयार झाली, आणि ती आलीच नाही. पण भीती गेली. ही गोष्ट मी प्रत्येक लाजाळू मुलाला सांगते, आणि प्रत्येक वेळी ती लागू पडते.

७ एप्रिलला गुड फ्रायडे होता. फ्रान्समध्ये त्या दिवशी सुट्टी नसते, हे तिने वाचलेलं. पिशवी घेऊन दुकानात गेली तर शटर बंद. परत आली आणि घरमालकीण आजींना अडखळत विचारलं, 'फ्रान्समध्ये राज्य आणि चर्च वेगळे ना? मग आज बंद का?' आजींनी आधी बजावलं, ट्रामने ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतल्या केल गावाला जाऊ नकोस, तिथेही बंदच. मग खुर्ची ओढली. १९०५ साली राज्य आणि चर्च वेगळे करणारा कायदा झाला तेव्हा आल्सास, म्हणजे स्ट्रासबुर्गच्या भोवतालचा हा प्रदेश, जर्मनीकडे होतं. १९१८नंतर ते फ्रान्सकडे परत आलं, पण जुनी व्यवस्था तशीच राहिली. म्हणून तिथे आजही पाद्री आणि रब्बी यांचा पगार सरकार देतं, आणि गुड फ्रायडेला सुट्टी. बोलता बोलता आजी स्वतःच्या वडिलांवर आल्या. १९४२पासून जर्मनांनी आल्सासच्या तरुणांना बळजबरीने आपल्या सैन्यात घातलं, त्यात तेही होते. घरी आले, पण त्यावर कधी बोलले नाहीत.

मुलगी हे सगळं मला भरभर सांगत होती. मी मध्येच विचारलं, "बोलताना चुका किती झाल्या?"

ती थांबली. "लक्षातच नाही आलं."

त्यानंतर मी मुद्दाम काही बोलले नाही. माझ्या कामातले जे थोडे क्षण मी जपून ठेवलेत, त्यांतला हा एक. तोवर तिची नजर सतत स्वतःवर होती: मी कशी दिसते, मला येतं की नाही. त्या दुपारी ती पहिल्यांदा समोरच्या माणसावर गेली. आत्मविश्वास आला की बोलू, असं मुलं म्हणतात. मी उलट क्रम पाहत आले आहे. उत्सुकता आधी येते, तिच्या मागून बोलणं, आणि आत्मविश्वास सगळ्यांत शेवटी. चौथ्या वर्षीचा प्रबंध तिने आल्सासच्या या व्यवस्थेवरच लिहिला.

आईवडिलांना माझं सांगणं असं, की रोज रात्री 'बरी आहेस ना?' विचारू नका. त्याला 'नाही' हेच उत्तर सोपं असतं. 'आज काय विचित्र पाहिलंस?' विचारून बघा. फोन रोज नको, दिवस ठरवून घ्या. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत परत यायचा निर्णय घेऊ नका.

याला एक अपवाद आहे. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, खोलीबाहेर पडत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर माझे गृहपाठ बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, विद्यापीठालाही कळवा. अशा वेळी परत आणणं हाच शहाणपणा. तिकीट काढण्याआधी मूळ विभागाला एक ईमेल मात्र करा. बऱ्याच ठिकाणी परदेशाचं वर्ष वगळून तीन वर्षांच्या पदवीत बदली मिळते.