उभा फ्रीझर घरात बसवताना: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात फ्रिजबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती जास्त करून उभ्या फ्रीझरची, तेच ते कपाटासारखं दार आणि आत खण असलेलं मशीन. काही निवडक प्रश्न घेतोय. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

चिपळूण: सर, १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधी सुरमई-बांगडा भरून ठेवता यावा म्हणून घरी उभा फ्रीझर आणलाय. घर आजोबांच्या वेळचं, वायरिंग पण तेव्हाचंच. अनवाणी हात लावला की झिणझिण्या येतात, चप्पल घातली की नाही येत. दुकानदार म्हणतो नवीन मशीनला सुरुवातीला होतंच असं. खरंय का?

अजिबात नाही. आधी बटण बंद करून पिन काढा, मग पुढचं वाचा.

होतं काय, की इन्व्हर्टरवाल्या (म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या) फ्रीझरमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं आणि त्यावरच्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर अगदी थोडा करंट अर्थच्या वायरमध्ये सोडत असतात, ते तसंच बनवलेलं असतं. अर्थिंग नीट असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. नसेल तर तोच करंट पत्र्यावर येऊन बसतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसातून जमिनीत उतरतो. म्हणजे मशीन कदाचित ठणठणीत असेल, पण तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाहीये हे जवळजवळ नक्की. आणि भीती त्या झिणझिण्यांची नाहीच, उद्या उंदराने मागची वायर कुरतडली किंवा कॉम्प्रेसरच्या वायंडिंगचं इन्सुलेशन गेलं तर सगळे २३० व्होल्ट पत्र्यावर येतील आणि करंटला जायला वाटच नसल्यामुळे फ्यूजही उडणार नाही, मशीन आपलं मस्त चालू राहील.

वायरमनला बोलवा, मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा आणि तुम्ही शेजारी उभं राहून बघा. वरचं मोठं भोक म्हणजे अर्थ. जुन्या घरात तिथे एकतर वायरच नसते, नाहीतर हिरवी वायर असते पण बोर्डाच्या मागे कुठेतरी सुटलेली असते. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: न्यूट्रलच्या स्क्रूवरून वायरचा एक छोटा तुकडा काढून अर्थच्या स्क्रूला जोडलेला. हा जुगाड इतका बेमालूम असतो की फेज आणि अर्थमध्ये दिवा लावून बघितलं तर दिवा लागतो, झिणझिण्या थांबतात, सगळे खूश. मग पावसात खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटला की घरातल्या दिव्या-पंख्यांमधून फिरून आलेला फेज थेट फ्रीझरच्या पत्र्यावर. ‘तेवढ्यापुरतं करून देतो’ म्हणून कोणी हे करायला लागला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

करायचं काय, तर नवीन अर्थिंगचा खड्डा, तिथून सॉकेटपर्यंत सलग तांब्याची वायर आणि मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच. आरसीसीबी अर्थिंगच्या जोडीला असतो, त्याच्या ऐवजी नाही. तुमच्याकडे जांभा आहे, एप्रिल-मे मध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंगही कमजोर होतं, तेव्हा अधूनमधून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. आणि हे सगळं झाल्यावरही पत्र्याला हात लावून काही जाणवलंच, तर मग मात्र दोष मशीनचा, कंपनीच्या माणसाला बोलवायचं.

पुणे: किचनमध्ये एकच पॉवर पॉइंट आहे, त्यावर मायक्रोवेव्ह. एक्स्टेन्शन बोर्ड लावून फ्रीझर पण त्यावरच चालवला तर?

नको. फ्रीझर चालताना शे-दोनशे वॉटच खातो म्हणून लोकांना वाटतं काय होतंय, पण साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट खेचतो आणि तो दिवसातून अनेकदा सुरू होतो, त्यात मायक्रोवेव्ह त्याच बोर्डावर हजाराच्या वर वॉट घेणार. एक्स्टेन्शनच्या बारीक वायरी आणि ढिले कॉन्टॅक्ट रोज थोडे थोडे तापतात, आणि बोर्ड ओट्यामागे दडलेला असल्यामुळे वास येईपर्यंत कोणाला कळत नाही. फ्रीझरला भिंतीतला स्वतःचा वेगळा पॉइंट काढून घ्या, जमल्यास वेगळ्या एमसीबीवर (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). मशीनला मोठी पिन आली असेल तर ती कापून छोटी बसवू नका, कन्व्हर्टर पिनही नको. बसवल्यावर तासाभराने पिनच्या प्लास्टिकला हात लावून बघा, चटका बसण्याइतकं गरम असेल तर सॉकेट बदला. अजून एक, खाली गॅसचा सिलिंडर असेल त्याच्या शेजारी फ्रीझर नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि कॉम्प्रेसर चालू करताना ठिणगी पाडू शकणारा रिलेही नेमका तिथेच खाली असतो.

नागपूर: घरात जागा नाही. मागच्या गॅलरीत वर पत्रा आहे, तिथे ठेवला तर चालेल का?

मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. मशीनच्या प्लेटवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो तो बघा: एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८, टी ४३. म्हणजे टी क्लासचं मशीनही तुमच्या गॅलरीत हद्दीबाहेर जातं, कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेणार नाही आणि आत उणे १८ काही येणार नाही. वर पावसाचे शिंतोडे, ते वेगळंच. घरातच कोपरा शोधा, हॉलमध्ये ठेवला म्हणून कोणी हसत नाही. मागे आणि बाजूंना मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी जागा मोकळी सोडा, मॅन्युअल हरवलं असेल तर निदान चार बोटं. बाजूचा पत्रा गरम लागला तर घाबरू नका, बऱ्याच मशीनमध्ये कंडेन्सरची, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी गॅसची नळी त्या पत्र्याच्या आतूनच फिरवलेली असते.

कोल्हापूर: घरात ३ आणि ६ वर्षांची मुलं आहेत, दाराला लोंबकळतात. फ्रीझर पुढे पडू शकतो का?

पडू शकतो, उंच आणि अरुंद मशीन आहे ते, त्यात दार उघडं आणि वरचे खण एकदम बाहेर ओढले की सगळा भार पुढे येतो. आपल्याकडे किचनच्या फरशीला पाणी जायला मोरीकडे उतार दिलेला असतो आणि मशीनचं तोंड नेमकं त्या उताराकडे आलं तर अजूनच वाईट. खालचे पाय फिरवून पुढची बाजू किंचित उंच ठेवा, इतकीच की अर्धं उघडलेलं दार आपोआप मिटेल. जड माल खाली भरायचा, खण एका वेळी एकच ओढायचा. कंपनीकडून भिंतीला बांधायची पट्टी मिळत असेल तर ती लावून घ्या, पण स्वतः ड्रिल घेऊन फ्रीझरच्या पत्र्याला भोक पाडायला जाऊ नका, आत गॅसची नळी आहे असं वर नागपूरकरांना सांगितलंच. दाराला कुलूप असेल तर लावत जा आणि चावी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. अजून एक, दार बंद केल्या केल्या परत उघडायला गेलं तर ते घट्ट चिकटून बसतं, आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते म्हणून. लोक मग जोर लावून हिसडा देतात आणि अख्खं मशीन पुढे डुलतं. एक-दोन मिनिटं थांबलं की दार सहज येतं.

छत्रपती संभाजीनगर: टेम्पोवाल्याने आडवा करून आणला. आणि मागे आगीचं चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण आहे, ते काय?

आडवा आणला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं. उभा करून ठेवा, मॅन्युअल सांगेल तितके तास, नाहीतर सरळ एक दिवस, मग चालू करा. रिकामाच चालवून आत उणे १८ आलं की माल भरा, तोही सगळा एका दमात नाही, २४ तासांत किती किलो गोठवायचं ते प्लेटवर दिलेलं असतं. तो त्रिकोण म्हणजे आत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन गॅस आहे, पेट घेणारा. घरगुती मशीनमध्ये तो इतका कमी भरलेला असतो की धास्ती घ्यायचं कारण नाही. मात्र बर्फ सुरीने खरवडू नका. नळी फुटून फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा, काडी पेटवू नका, जवळपासचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका.

सातारा: लाइट फार जाते, कधी कधी रात्रभर. स्टॅबिलायझर लागेल का? आणि आतल्या मालाचं काय?

किती व्होल्टेजमध्ये मशीन चालतं ते प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा, तुमच्याकडचं व्होल्टेज त्याच्या बाहेर जात असेल तर घ्या, आणि घ्यायचाच तर टाइम डिले असलेला घ्या म्हणजे लाइट आल्या आल्या कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. मालाचं म्हणाल तर भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४, तेव्हा रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवा, काठोकाठ न भरता. गावाला जाणार असाल तर एका वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, तळाला जाऊन गोठलं असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मग मासे-मटण हुंगत बसायचं नाही, टाकून द्यायचं.