बिजाचा पेला, पळसपापडी आणि सुबाभळीचा पाला

बिजा, पळस, बहावा, सुबाभूळ ही सगळी शेंगा धरणारी एकाच कुळातली झाडं. या खेपेची पत्रं त्यांच्याचबद्दल आहेत.

प्रश्न : माह्या मायले साखर हाये. बिजाच्या लाकडाच्या पेल्यात रातभर पाणी ठेवतो अन् सकाळी तिले पाजतो. आता गोळी बंद केली तं जमते का जी? (कुरखेडा)

गोळी बंद करू नका. बाकीचं यानंतर वाचा.

बिजाच्या गाभ्यात औषधी गुण आहेत, ही नुसती समजूत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. पण ते सगळे मधुमेहाचं नुकतंच निदान झालेले होते. त्यांना रोज २ ते ४ ग्रॅम मोजलेला अर्क मिळत होता आणि तपासण्या नियमित होत होत्या. तुमच्या मायची गोष्ट तशी नाही.

पेल्याचं पाणी पिवळसर होतं, उजेडात धरलं तर निळी झाक मारतं. ती रंगद्रव्यं लाकडातून उतरलेली असतात. टेरोस्टिल्बीन हे या गाभ्यातलं गाजलेलं संयुग मात्र पाण्यात फारच कमी विरघळतं. शिवाय पेला नवा असताना जितकं उतरतं तितकं दोन महिन्यांनी उतरत नाही. आज किती औषध पोटात गेलं, हे तुम्हाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

पाणी द्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून द्या. गोळी आणि पाणी दोन्हींनी साखर फार उतरली तर दरदरून घाम, थरथर, चक्कर येते. माय शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या. नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात न्या.

प्रश्न : नातवाला जंत आहेत. पळसपापडी वाटून गुळात द्यावी का? आणि ती विषारी असेल तर होळीला पळसफुलांचा रंग करावा का? (सिंदेवाही)

आजीबाई, पळसपापडीने, म्हणजे पळसाच्या बियांनी, जंत पडतात हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्या बियांमध्ये पॅलासोनिन असतं. रचनेने ते कँथारिडिनच्या अगदी जवळचं, आणि कँथारिडिन म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या भुंग्यांमधलं विष. पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना ते झोंबतं. जंताला मारणारी मात्रा आणि लेकराला बाधणारी मात्रा यांत अंतर थोडं, आणि बी चिमटीने मोजली जाते. म्हणून लहान पोराला देऊ नका. अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी, अल्बेंडाझोल, फुकट मिळते. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिवस. वय एक ते दोन असेल तर ४०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी चुरून पाण्यात, दोन ते तीन असेल तर पूर्ण गोळी तशीच चुरून पाण्यात, तीनच्या पुढे पूर्ण गोळी चावून.

फुलांचा रंग बिनधास्त करा. झाड एक असलं तरी फुलात वेगळी रसायनं आहेत, ब्युट्रिन आणि ब्युटीन. चुना टाकला की ब्युटीनचा रंग गडद होतो, म्हणून जुनी माणसं चिमूटभर टाकत. त्याहून जास्त नको, चुना कातडीला आणि डोळ्यांना जाळतो.

प्रश्न : बहाव्याच्या शेंगेचा गर पोट साफ व्हायला घेतला तर? (आर्वी)

अधूनमधून घ्यायला हरकत नाही. सोनामुखीसारखीच पोट साफ करणारी, अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं त्यात आहेत. फक्त काळा गर घ्या, बी नको. रोजची सवय नको, गरोदरपणी तर नकोच.

प्रश्न : उन्हाळ्यात शेळ्यांना नुसता सुबाभळीचा पाला घातला. आता केस गळतात, एकीच्या गळ्याला गाठ आली. (दारव्हा)

हा सुबाभळीतल्या मिमोसिन या विषारी द्रव्याचा परिणाम दिसतो. कोवळ्या शेंड्यात आणि बियांत ते जास्त असतं. त्याने केस गळतात. पोटात त्याचं रूपांतर होऊन जे द्रव्य बनतं, ते थायरॉइडचं काम अडवतं, म्हणून गाठ. हवाईतल्या शेळ्या हाच पाला भरपूर खाऊन धडधाकट राहत. त्यांच्या पोटात हे द्रव्य पचवणारे जिवाणू असल्याचं ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी दाखवलं; त्यातल्या एकाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. आपल्या कळपात ते आहेत असं धरून चालू नका.

सुबाभूळ आजच थांबवा. तुरीचं कुटार, कडबा, बोरीचा पाला घाला. केस महिन्याभरात फुटू लागले की पाला पुन्हा सुरू करा, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत, आणि सुकवून. गाभण शेळीला तेवढाही नको. गाठ आलेली शेळी पशुवैद्यकाला दाखवा, गाठीला दुसरी कारणंही असतात.