अभ्यासिकेसाठी गावाचा हातभार

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमची नोंदणीकृत संस्था मोफत अभ्यासिका चालवते. गणेशोत्सवाला सढळ हाताने वर्गणी देणारे लोक आमच्याकडे मात्र पाठ फिरवतात. काय करावे?

उत्तर : मंडळाला वर्गणी मिळते, कारण मागणारी मुले ओळखीची असतात, पावती जागेवर फाडली जाते आणि मांडव डोळ्यांसमोर उभा राहतो. आपले काम लोकांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून मोघम मदत न मागता एका महिन्याचे वीजबिल किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा एक संच अशी नेमकी मागणी करावी, आणि ती कार्यकर्त्यांऐवजी तिथे शिकून गेलेल्या मुलांच्या पालकांनी घरोघरी जाऊन केली, तर नकार कमी येतात. एखाद्या बड्या देणगीदारामागे (किंवा आमदार निधीमागे) वर्ष घालवण्यापेक्षा दरमहा १०० रुपये देणारी ५० घरे जोडणे मला अधिक भरवशाचे वाटते. जमाखर्च दरमहा अभ्यासिकेच्या दारावर लावावा. आयकर सवलतीचे आश्वासन मात्र जपून द्यावे : त्यासाठी संस्थेला आयकर विभागाची स्वतंत्र मान्यता लागते, २००० रुपयांवरील रोख देणगीला सवलत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती मुळातच मिळत नाही.