कॅनमधल्या बिअरची चव नेमकी कुठे बिघडते?

कॅनमधल्या क्राफ्ट बिअरबद्दल आलेल्या पत्रांपैकी नेमकी तक्रार किंवा नेमका प्रश्न असलेली पत्रं इथे घेतली आहेत. बऱ्याच जणांचा रोष कॅनच्या पत्र्यावर आहे. पत्रा क्वचितच दोषी असतो. चव बिघडते ती ऑक्सिजनने, उष्णतेने आणि शिळेपणाने.

कॅनमधली बिअर प्यायलो की धातूची चव येते. तीच बिअर बाटलीतून बरी लागते. ॲल्युमिनियम बिअरमध्ये उतरतं का? — एक वाचक, पुणे

नाही. बिअर आंबट असते, तिचा पीएच साधारण 4 ते 4.5, त्यामुळे उघड्या ॲल्युमिनियममध्ये ती ठेवताच येत नाही. म्हणून कॅनच्या आतल्या सगळ्या भागावर पॉलिमरचा पातळ लेप असतो आणि बिअर धातूला लागतच नाही. तुम्हाला जाणवतो तो बाहेरचा पत्रा. ओठ काठाला लागतात आणि नाक नेमकं झाकणावर येतं. शिवाय त्या छोट्या तोंडातून बिअरचा स्वतःचा गंध वर येत नाही, म्हणून धातूचाच वास पुढे राहतो.

ग्लासात ओतून प्या. तरीही ती चव राहिली तर दोन थेंब मनगटावर चोळून हुंगा. ओल्या नाण्यासारखा वास आला तर बिअरमध्ये लोह आहे. ते ब्रुअरीच्या पाण्यातून किंवा गंजलेल्या जोडणीतून आलेलं असतं, आणि मग बाटलीतही तेच सापडेल.

खात्रीच करायची असेल तर डोळे बांधून चाचणी घ्या. एकाच ब्रुअरीची, एकाच आठवड्यात भरलेली बिअर कॅनमध्ये आणि बाटलीत मिळवा. दोन्ही 8 अंशांवर थंड करा. प्रत्येकासमोर तीन सारखे ग्लास, प्रत्येकी 60 मिली: दोन एकीचे, एक दुसरीचा. वेगळा ग्लास ओळखायचा, एवढंच. ग्लासांचा क्रम माणसागणिक बदला. 12 जणांपैकी किमान 8 जणांनी बरोबर ओळखलं तरच फरक खरा धरावा, 6 जण असतील तर 5 जणांनी.

हेझी आयपीए, म्हणजे फळांच्या गंधाची गढूळसर बिअर, आणली होती. पहिला कॅन आंबा-संत्र्यासारखा घमघमत होता. त्याच बॅचचा दुसरा दोन महिन्यांनी उघडला तर रंग मळकट तपकिरी आणि चव मधासारखी गुळमट. कॅन कपाटात होता, ऊन लागलेलं नाही. — एक वाचक, ठाणे

उन्हाचा इथे संबंध नाही. तुमची बिअर ऑक्सिडाइज झाली आहे. कॅनच्या सांध्यातून हवा जवळजवळ शिरत नाही, पण भरताना आत अडकलेली हवा आतच राहते. बिअर आणि वरची मोकळी जागा मिळून असलेला एकूण ऑक्सिजन चांगल्या ब्रुअरी 50 पीपीबीच्या (अब्जात 50 भागांच्या) आत ठेवायचा प्रयत्न करतात. छोट्या यंत्रांवर कॅन उघड्यावर भरले जातात आणि हा आकडा सहज काही पटींनी वाढतो. बाटली भरायच्या चांगल्या यंत्रात आधी हवा ओढून घेता येते. पातळ कॅन तसा ओढला तर चेपतो. म्हणून ‘कॅन म्हणजे ताजी बिअर’ हे समीकरण आपोआप खरं ठरत नाही. कॅन नंतरचा ऑक्सिजन अडवतो, आधीचा कोंडून ठेवतो.

हेझी आयपीए सगळ्यात आधी का बिघडते? तिच्यात ओट्स आणि गहू भरपूर आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी फुलं) तर ढीगभर. या सगळ्यांतून मँगनीज आणि पॉलिफेनॉल्स येतात. मँगनीज ऑक्सिडेशनला वेग देतं, पॉलिफेनॉल्सनी रंग काळवंडतो. आधी फळांचा गंध जातो, मग मधाळपणा येतो, शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. हाच क्रम लक्षात ठेवा, कॅन किती जुना आहे ते जिभेलाच कळेल.

आता उष्णता. ब्रुअरीवाल्यांमध्ये एक ठोकताळा आहे: 32 अंशांवर 3 दिवस, 22 अंशांवर 30 दिवस आणि 3 अंशांवर 300 दिवस, या तिन्हींत बिअरची झीज साधारण सारखीच होते. ठाण्यातलं बंद कपाट एप्रिल-मेमध्ये 32 अंशांखाली राहत नाही. तुमच्या कॅनचे दोन महिने म्हणजे फ्रिजमधली कित्येक वर्षं.

म्हणून कॅनचा तळ उलटून तारीख पाहा. हॉप्सवाली बिअर भरल्यापासून आठ-दहा आठवड्यांच्या आत प्यावी. दुकानात फ्रिजमधलाच कॅन मागा, काउंटरमागच्या खोक्यातला नको. ‘सहा महिन्यांच्या आत उत्तम’ असं छापलेलं असतं, पण त्यात बिअर सुरक्षित राहील एवढंच समजावं, आयपीएचा गंध तेवढा टिकत नाही. ठेवून मुरवायची असेल तर 9-10 टक्के अल्कोहोलच्या पुढची इम्पीरियल स्टाउट (कडक काळी बिअर) किंवा बार्लीवाइन घ्या. त्यांना थोडा ऑक्सिजन मानवतो, खजूर-मनुकांसारखी चव येते.

आमच्या छोट्या ब्रुअरीत अर्धस्वयंचलित यंत्रावर 500 मिलीचे कॅन भरतो. काही कॅन आठवड्याभरात मऊ पडतात आणि आतली बिअर मेलेली निघते. दोष कुठे शोधायचा? — एक वाचक, नाशिक

सांध्यात. झाकण आणि कॅनचा काठ एकमेकांत दुमडून दाबलेले असतात, करंजीच्या मुरडीसारखे. पहिला रोलर झाकणाची कड कॅनच्या काठाखाली वळवतो, दुसरा ती दुमड आवळतो. दोन्ही आकडे (हुकसारख्या वळलेल्या कडा), कॅनचा आणि झाकणाचा, साधारण दीड मिलिमीटरचे असतात आणि ते एकमेकांवर पुरेसे चढले पाहिजेत. बाहेरून सांधा छान दिसला तरी आत आकडा आखूड असू शकतो. तुमच्याकडे तेच होत असावं.

काही कॅन रिकामे झाकून घ्या. सांध्याची जाडी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा, मग सांधा करवतीने कापून, सोलून दोन्ही आकडे मोजा. मापं तुमच्या झाकण-पुरवठादाराच्या तक्त्याशी ताडून पाहा, दुसऱ्याच्या तक्त्याशी नको. कॅनचा आकडा आखूड असेल तर कॅन ज्यावर उभा असतो त्या खालच्या पाटाचा दाब कमी पडतोय. झाकणाचा आकडा आखूड किंवा सुरकुतलेला असेल तर पहिला रोलर सैल आहे. दोन्ही आकडे ठीक पण सांधा जाड, तर दुसरा रोलर सैल. आतल्या बाजूला बोटाला धार लागली तर रोलर जास्त आवळला आहे किंवा चक (झाकणाला आतून आधार देणारा यंत्राचा भाग) झिजला आहे.

आणखी एक चूक वारंवार होते. सीडीएल, बी64 आणि सुपरएंड ही झाकणं वरून सारखी वाटली तरी त्यांची घडण वेगळी असते आणि प्रत्येकाला त्याचाच चक लागतो. स्वस्त मिळाली म्हणून वेगळ्या घडणीची झाकणं आणली आणि चक तोच ठेवला तर सगळी बॅच गळेल. रिकाम्या कॅनचे काठही पाहा. पॅलेट उतरवताना चेपलेला काठ कुठलाच रोलर सरळ करू शकत नाही.

पाळीच्या सुरुवातीला आणि नंतर दर तासाला प्रत्येक हेडचा (झाकण आवळणाऱ्या डोक्याचा) एक कॅन सोलून पाहा. शिवाय प्रत्येक बॅचचे काही भरलेले कॅन कोऱ्या कागदावर उलटे रात्रभर ठेवा. कागदावर एक डाग दिसला तरी भरणं थांबवा.

भरतानाची शिस्तही सांगतो, कारण सांधा सुधारला तरी ऑक्सिजन उरतोच. बिअर 0 ते 1 अंशावर असू द्या, कार्बन डायऑक्साइड 2.4 ते 2.6 व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या तितके पट. रिकाम्या कॅनमध्ये आधी तळापर्यंत कार्बन डायऑक्साइड सोडा. भरल्यावर काठाच्या वर फेसाचा घुमट आला पाहिजे आणि झाकण त्या फेसावरच बसलं पाहिजे. फेस खाली बसलेला असेल तर त्या पोकळीत हवाच असते. बिअर कोमट झाली की फेस अनावर होतो, कॅन कमी भरतात आणि पोकळी वाढते. भरणं डोळ्यांनी नाही, वजनाने तपासा: बिअरची घनता 1.010 असेल तर 500 मिली म्हणजे 505 ग्रॅम, अधिक रिकामा कॅन आणि झाकण.

इथे हिरव्या बाटलीतल्या बिअरला स्कंकचा वास येतो. कॅनमधल्या त्याच बिअरला कधीच येत नाही. असं का? — एक वाचक, न्यू जर्सी

हॉप्समधल्या कडू आम्लांवर 350 ते 500 नॅनोमीटरचा प्रकाश पडला की ती फुटतात, आणि गंधकाचा एक उग्र पदार्थ तयार होतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. स्कंक हा घाण वासाचा फवारा सोडणारा अमेरिकेतला प्राणी, भारतात तो नाही. नासलेला कांदा आणि जळकं रबर यांच्या जवळपासचा तो वास आहे. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी आणि पांढरी फारसा अडवत नाही, कॅन पूर्ण अडवतो. बाकी बिअरचा पहिला कॅन तुमच्याच शेजारचा: नेवार्कच्या क्रूगर ब्रुअरीने तो जानेवारी 1935 मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये विकायला काढला. क्राफ्टवाले मात्र कॅनला बराच काळ हलकं समजत आले. 2002 मध्ये कोलोरॅडोतल्या लायन्स गावच्या ऑस्कर ब्लूजने आपली पेल एल हाताने कॅनमध्ये भरायला सुरुवात केली, तेव्हापासून मत बदलू लागलं.

फळांचा गर घातलेल्या सावर (आंबट) बिअरचा कॅन फुगला आहे. उघडू का? टिचक्या मारल्या तर गॅस बसतो म्हणतात. — एक वाचक, पणजी

लगेच उघडू नका. गरात साखर असते. बिअर पाश्चराइज केली नसेल आणि कॅन बाहेर राहिला तर यीस्ट ती साखर पुन्हा आंबवतं. हिशेब असा: लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली की सुमारे 1 व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड वाढतो. मुळात बिअरमध्ये असतो साधारण 2.5. म्हणजे 10 ग्रॅम साखरेत गॅस दुप्पट. गोव्याच्या उकाड्यात तो दाब कॅनच्या सुमारे 6 बारच्या मर्यादेच्या जवळ जातो. कॅन जाड टॉवेलात गुंडाळून दिवसभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे गॅस बिअरमध्ये विरघळेल. मग सिंकमध्ये, तोंड बाजूला ठेवून, टॉवेलाखालीच हळूच उघडा आणि ओतून द्या. बाकीचे कॅन गाडीत तर अजिबात ठेवू नका.

फळं नसलेल्या आयपीएतही असं होतं. हॉप्समधली विकरं उरलेल्या पिष्टाची साखर करतात, ती आंबते आणि पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास येतो. टिचक्यांचं म्हणाल तर डेन्मार्कमध्ये 2019 मध्ये हजारावर कॅन उघडून पाहिले गेले. टिचक्यांनी सांडणं कमी झालं नाही.

झटपट थंड करायची तर फ्रीझर चालेल का? आणि किती थंड? — एक वाचक, कोल्हापूर

फ्रीझर नको. 5 टक्क्यांची बिअर उणे 2-3 अंशांवर गोठायला लागते, झाकण फुगतं, सांधा ताणला जातो. बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी मीठ घालून कॅन बुडवा, मधूनमधून फिरवा. 15 मिनिटं पुरतात. गव्हाची बिअर 5 ते 7 अंशांवर प्या, म्हणजे बव्हेरियन प्रकारातलं केळं-लवंग किंवा बेल्जियन प्रकारातले धणे आणि संत्र्याची साल कळेल. आयपीए 7 ते 10, स्टाउट 10 ते 13. बर्फगार स्टाउट नुसती करपट लागते, कॉफी-कोको हरवतात.

नायट्रो स्टाउटच्या कॅनमध्ये गोळी खुळखुळते. ती काय आहे? — एक वाचक, सोलापूर

तो विजेट. गिनेसने 1988 मध्ये विजेटवाला कॅन बाजारात आणला. तुमच्या कॅनमधला तरंगणारा गोळा नंतरचा. कॅन बंद करताना द्रव नायट्रोजनचा थेंब टाकतात. वाढलेल्या दाबाने थोडी बिअर आणि नायट्रोजन गोळ्याच्या बारीक छिद्रातून आत जातात. उघडताच दाब उतरतो, ते फवाऱ्यासारखं बाहेर येतं आणि अगदी बारीक बुडबुड्यांचा साईसारखा फेस तयार होतो. कॅन आधी चांगला थंड करा, नाहीतर उतू जाईल. उघडल्यावर काही सेकंद थांबा आणि मोठ्या ग्लासात एका दमात ओता. ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश असला तर फेस टिकणार नाही, आणि थेट कॅनमधून प्यायलात तर तो बनणारच नाही.