कॅम्परमधलं पाणी आणि दोन रात्रींचा गारठा

थंडीत कॅम्पर (म्हणजे झोपायची, नळ-पाण्याची सोय असलेली गाडी) घेऊन मनाली-स्पितीकडे निघालेल्या सातारा-सांगलीकरांचे तेच तेच प्रश्न येत राहतात, आणि बहुतेक वेळा गाडी निघायच्या आदल्या दिवशी. कृपा करून पंधरा दिवस आधी विचारत जा.

वेण्णा लेकला दव गोठतं. तिथे एक रात्र काढली तर पाइप फुटतील का? (वाई)

नाही. बाहेर गवतावर टाकलेला होज तेवढा आत घ्या.

दुकानदार म्हणतो, ‘विंटर किट’चा फोम गुंडाळला की काळजी मिटली. खरं का? (विटा)

खोटं. फोम ऊब तयार करत नाही, आहे ती थोडा वेळ धरून ठेवतो. उणे दहात रात्रभर उभी असलेली गाडी पहाटेपर्यंत आतूनही गारठतेच. पैसे देण्याआधी विचारा, ‘ऊब कुठून येणार?’

मग दोन रात्रींसाठी नेमकं काय करायचं? (मिरज)

उजेड आहे तोवर पाणी काढून टाका. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, ते नसेल तर फुटणार काय? टाकी रिकामी करा, गरम-गार सगळे नळ उघडा, पंप क्षणभर चालवून पाइपांतलं उरलंसुरलं बाहेर काढा. गिझर आधी बंद करा, निवल्यावरच त्याचा ड्रेन प्लग (पाणी सोडायचं बूच) काढा. रिकामा गिझर चालू केला तर कॉइल जळते. पंपाआधीची जाळीची छोटी पारदर्शक वाटी सगळे विसरतात. टाकी कोरडी झाली तरी या वाटीत पाणी राहतं आणि तडा तिथे जातो. ती फिरवून काढा, उपडी करा. गिझर गॅसचा असेल तर बसवणाऱ्याकडून हे एकदा समोर करून घ्या.

मेकॅनिकने पाण्याच्या टाकीत इंजिनचं कुलंट ओतायला सांगितलंय. किती लिटर लागेल? (कराड)

एक थेंबही नाही. हा सल्ला फार पसरलाय आणि तो जिवावर बेतणारा आहे. रेडिएटरच्या कुलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विष आहे आणि चवीला गोड, त्यामुळे पोरं तोंड वाकडं न करता पितात. सुरुवातीला माणूस दारू प्यायल्यासारखा बरळतो, मग एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. कॅम्परच्या नळांसाठी न गोठणारं द्रव (अँटिफ्रीझ) मिळतं ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, वेगळं. रंगावर जाऊ नका, डब्यावरचं नाव वाचा. तेही पाइपांत भरायचं असतं आणि परतल्यावर भरपूर पाण्याने धुवायचं असतं. दोन रात्रींसाठी त्याचीही गरज नाही. कुलंट आधीच ओतलं असेल तर त्या नळाचं पाणी चूळ भरायलासुद्धा घेऊ नका. टाकी, पाइप, पंप यांचं काय करायचं ते कॅम्पर बांधणाऱ्याला विचारा. कुणी प्यायलं असेल तर लक्षणांची वाट न बघता डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

पाइप गोठलाच तर? (तासगाव)

पंप बंद, नळ उघडा. नळाच्या टोकापासून मागे मागे हेअर ड्रायरची ऊब द्या. आग, शेगडी, ज्योतीचा ब्लो टॉर्च अजिबात नको. तडा बर्फ वितळल्यावरच दिसतो, म्हणून पंप लावताना प्रत्येक जोडावर हात फिरवा. ओल लागली तर पंप तिथेच थांबवा आणि प्लंबरला दाखवा.