आप्पांचं युद्ध आणि आईची झोप

ताई, माझे आप्पा पायदळात होते. १९८७ मध्ये, बाविशीत, श्रीलंकेत जाफन्याला गेले. तिथलं घरात कधी बोलले नाहीत. दिवाळीत मागच्या खोलीत दार लावून बसतात, लग्नात बँड सुरू झाला की निघून येतात. भावकीतले हसतात, ‘फौजी असून फटाक्याला भितो.’ रोज रात्री रम लागते. आईने झोपेतून हलवून उठवलं तर हात चालवतात, एकदा तिचं मनगट मोडलं. दार आपटलं की मीही दचकते. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. तिथे काय झालं ते आप्पांना विचारावं का? आई म्हणते, जुनं उकरू नकोस.
– एक मुलगी, सातारा जिल्हा

बाळ,

विचारू नकोस. जाफन्यात काय झालं हे वदवून घेणं घरच्यांचं काम नाही, आणि ते घरात न सांगताही उपचार सुरू होतात.

त्या ऑक्टोबरातलं ‘ऑपरेशन पवन’, म्हणजे तमिळ वाघांकडून जाफना घेण्याची आपल्या सैन्याची मोहीम, गल्लीबोळांत लढलं गेलं. रस्त्यात सुरुंग पेरलेले, समोरचा साध्या कपड्यांत. प्रत्येक आवाजाला सावध होणारा जवान तिथे जिवंत राहायचा. ती सावधगिरी अंगात मुरली ती मुरलीच, याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी एक रात्र तरी तिथे काढायला हवी होती. शिवाय युद्धातून माणूस भीतीसोबत कधी लाजही घेऊन येतो. त्याच महिन्यात जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या कारवाईत रुग्ण आणि डॉक्टरही मारले गेले. आप्पांनी काय पाहिलं असेल याचा अंदाज तूही बांधू नकोस, मीही बांधत नाही.

श्रीलंकेत पाठवलेल्या आपल्या शांतिसेनेचे सुमारे १२०० जवान मारले गेले. मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागतालाही गेले नाहीत. कारगिलच्या जवानांना गावोगाव मान मिळाला, तो योग्यच होता. श्रीलंकेहून परतलेल्यांना मात्र ‘कसे आहात’ असं विचारायलाही फारसं कुणी पुढे आलं नाही, याचा मला आजही राग येतो. आप्पांच्या या दुखण्याची लक्षणं पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हणून लिहिली गेली. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी ‘पीटीएसडी’ (मोठ्या आघातानंतर जडणारा मनाचा आजार) हे निदान मान्य केलं. म्हणजे आप्पा जाफन्याला निघाले तेव्हा त्याला नाव मिळून सात वर्षं झाली होती. तू लिहिलेलं सगळं त्याच्याशी जुळतं, पण निदान डॉक्टरच करतील.

आता आईचं. पत्रभर आप्पा आहेत आणि तिचं मोडलेलं मनगट अर्ध्या ओळीत. इतकी वर्षं ती अर्धी जागी झोपत असेल. आप्पांचा हात झोपेत चालत असेल तर तो आजार समजू. पण शुद्धीत, रम चढल्यावर चालत असेल तर आजाराच्या नावाखाली ते खपवून घेऊ नकोस. आईला एकटीला गाठून हे स्पष्ट विचार. उत्तर ‘हो’ असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, आणि तुझं घर आहे. तोवर दोघांच्या खाटा वेगळ्या करा. उठवायचं तर दिवा लावून, लांबून नावाने हाक मारायची, अंगाला हात लावायचा नाही.

आप्पांकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल. पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल घ्या. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की ते उठून जातील, म्हणून झोप आणि बीपीपासून सुरुवात कर. ते खोटंही नाही, या दुखण्यात रक्तदाब आणि हृदय दोन्हींवर ताण येतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्यासोबत आठवणींवर काम करणारे समुपदेशन असते, त्यात काय आणि कधी बोलायचं हे रुग्णाच्या हातात राहतं. इतक्या वर्षांनीही फरक पडतो. रम मात्र रागाच्या भरात एका रात्रीत बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर झटके येतात, जिवावरही बेततं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

तुझं दचकणं रक्तातून आलं का, ही शंका पत्रात आडून दिसते. अशा घरात वाढलेली मुलं बापाच्या पावलांवरून रात्र कशी जाणार ते ओळखायला शिकतात. तू ते शिकलीस. त्याचाही इलाज होतो, त्याच नंबरवर स्वतःसाठीही बोल. मुलाला सांग, आजोबांना मोठ्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून आपण फटाके नदीकडे जाऊन उडवायचे. भावकीत कुणी हसलं तर हेच त्यांनाही सांग, सगळ्यांसमोर.

पहिली भेट झाली की कळव. आप्पा नाही म्हणाले तरी कळव, पुढचं मग बघू.

तुझी,
ताई