ब्लड बाऊल: स्टन्ड खेळाडू उठतो कधी?

ब्लड बाऊल या मूर्तींच्या, फुटबॉलसारख्या बोर्डगेममध्ये नव्याने खेळणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून नीट सांगतो. चिलखत भेदल्यावर इंज्युरीच्या दोन फाशांवर 2 ते 7 आले की खेळाडू स्टन्ड, म्हणजे सुन्न. मूर्ती पालथी ठेव. नुसता पडलेला, म्हणजे प्रोन असेल तर उताणी.

प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्ये स्टन्ड झाला, तर तुझ्या पुढच्या टर्नमध्ये तो काहीच करत नाही. तुझी ती टर्न संपताना त्याला उताणा कर. त्याच्या पुढच्या टर्नला 3 घरांची चाल खर्चून तो उभा राहील. पण तुझ्याच टर्नमध्ये, समजा डॉज (विरोधकाजवळून निसटणं) फसून, स्टन्ड झाला तर त्याच टर्नअखेर उलटू नकोस! अजून एक पूर्ण टर्न तो पालथाच.

आणि हो, स्टन्ड खेळाडूला टॅकल झोन (शेजारच्या घरांवरचा धाक) नसतो. चेंडूभोवती आपल्या खेळाडूंचं जे कडं करतोस, त्यात त्याला मोजू नकोस.